डहाळीच्या आत

मार्थाबाई खोटं बोलल्या. शब्द तसा एवढासाच, "नाही". पण नवऱ्यामागं घर बंद करून, देवाच्या कामासाठी सात समुद्र ओलांडून सोलापूरसारख्या भट्टीत येऊन राहिलेल्या बाईच्या तोंडून तो इतका सहज निसटला, की त्यांचा त्यांनाच धक्का बसला. शनिवारची दुपार होती. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर राजनंदिनी समोर बसल्या होत्या, वर पंखा गरम हवा ढवळत होता, आणि डॉक्टरांनी नुसतं विचारलं होतं, "तुम्ही त्या वाड्यात आत नाही ना गेलात?"

"नाही," मार्थाबाई म्हणाल्या.

"बरं झालं," म्हणून डॉक्टर फोनवर लस मागवायच्या खटपटीला लागल्या.

आल्या होत्या त्या चांगल्याच कामाला. मंगळवेढ्याच्या रस्त्याला माळावर केराबाईचा मेंढरांचा वाडा आहे, तिथं मेंढरांना देवी आल्यात, डॉक्टरांनी एकदा जाऊन बघावं, एवढं सांगायला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं. मेंढ्यांच्या देवीचा माणसाला काही त्रास नाही, पण माणसाबरोबर ती प्रवास करते. हाताला, कपड्याला, लोकरीला चिकटून जाते. आठवडाभर काही दिसत नाही, मग ताप चढतो, डोळ्यांतून नाकातून पाणी गळतं, अंगावर फोड उठतात. कोकरं तर पटापट जातात.

"म्हणून तर हे लोक वाड्याच्या तोंडाला लिंबाची डहाळी लावतात," डॉक्टर म्हणाल्या. "बाहेरच्यानं आत यायचं नाही, आतल्यानं बाहेर जायचं नाही. देवीचं नाव घेऊन का होईना, पण पाळतात. आम्ही कितीही ओरडून सांगितलं असतं तरी एवढं कुणी पाळलं नसतं."

तेव्हाच मार्थाबाईंनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली होती. त्यानंतर तो प्रश्न आला, आणि त्यानंतर ते "नाही".

मार्थाबाई म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या. तिथल्या एका लहानशा गावात त्यांनी जन्मभर वाचनालय सांभाळलं. नवरा गेला, मुलं आपापल्या संसाराला लागली, आणि रिकामं घर खायला उठलं. त्यांचं चर्च निवृत्त माणसांना परदेशी सेवेला पाठवतं. बाईंनी नाव दिलं. इथल्या ज्या संस्थेत काम मिळालं, तिनं बजावलं होतं: उपदेश करायचा नाही, धर्माचं एक अक्षर काढायचं नाही, फक्त काम. काम लोकरीचं होतं. हल्ली मेंढरांच्या लोकरीला कुत्रं विचारत नाही, लोक कातरून उकिरड्यावर टाकतात. बाई ती विकत घेत, सोलापुरात आणत, आणि शहरातल्या बायका तिची आसनं नि घोंगड्या करत. पूर्वभागात एका विणकराच्या माडीवर बाईंनी खोली घेतली होती. खाली यंत्रमागांचा खडखडाट, घरमालकीण तेलुगूत बोले, आणि बाई शिकवणीत घोकलेल्या पुस्तकी मराठीत उत्तर देत. माळावरच्या बायकांना "मी आपली अत्यंत आभारी आहे" म्हटल्यावर त्या पदर तोंडात धरून हसत. हसोत बापड्या. गाडी माळाकडं वळली, की "मार्थाआजी आली, मार्थाआजी आली" करत पोरं धावत येत. मिनेसोटात या बाईकडं कुणी धावत येऊन कैक वर्षं झाली होती. खरं सांगायचं तर आताशा त्या देवासाठी कमी आणि त्या हाकेसाठी जास्त जगत होत्या, आणि हे त्यांनी देवालाही सांगितलं नव्हतं.

आता गेल्या आठवड्याची गोष्ट.

केराबाईच्या वाड्यापाशी त्या गेल्या, तेव्हा जाळीच्या कुंपणाच्या तोंडाला आडवी काठी होती आणि काठीला लिंबाची ओली डहाळी बांधलेली होती. केराबाईनं लांबूनच हात वर केला. "बाई, तितंच थांबा. देवी आल्यात. तुमी आत येऊ नका, आमी भाईर येत न्हाय."

तिच्या पायाशी एक कोकरू पडलं होतं. तोंड सुजलेलं, डोळे चिकटलेले. मार्थाबाईंना भडभडून आलं. त्यांना वाटलं, ही बिचारी बाई भीतीनं कोंडून बसली आहे. कसली देवी आणि कसलं काय. भीतीला प्रेम हेच औषध, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. गाडीचा ड्रायव्हर अमृत मागून "बाई, बाई" करत राहिला आणि बाई काठी ओलांडून आत गेल्या. पायांच्या आत लाल ठिपके उठलेलं ते कोकरू उचललं, स्वतःच्या हातानं विणलेल्या शालीत गुंडाळलं, छातीशी धरून डोळे मिटून प्रार्थना केली. केराबाई आधी ओरडली, मग रडायला लागली, मग गप्प झाली. बाईंना वाटलं, मायेनं रडते आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी बाईंना ते कोण सांगणार!

तिथून त्या थेट, नेहमी लोकर देणाऱ्या ज्ञानूच्या वाड्यावर गेल्या. ज्ञानूचं मेंढरू नुकतंच व्यायलं होतं. कोकरू अजून ओलं होतं, थरथरत होतं. ज्ञानूच्या आईनं, सोजरबाईनं, ते हौसेनं बाईंच्या मांडीवर दिलं. आणि बाईंनी ते त्याच शालीत गुंडाळलं.

"कुटनं आलाव आज?" सोजरबाईनं सहज विचारलं होतं.

"सोलापूरहून," बाई म्हणाल्या होत्या. ते खोटं नव्हतं. पण ते खरं होतं असं तरी कसं म्हणायचं?

दवाखान्याच्या आवारात अमृत गाडीला टेकून उभा होता. बाईंनी त्याच्याशी न बोलताच ज्ञानूला फोन लावला. मागून मेंढरांचा कल्ला ऐकू आला.

"बाई, आज येऊ नका बरं का," ज्ञानू ओरडून म्हणाला. "आज लई गडबड हाय. टेम्पो आलाय. उद्याच्याला सांगोल्याचा बाजार न्हाय का? मेंढं भरालालोय. चार वाड्यांची जनावरं एकाच टेम्पोत घालनार हाव. ठेवतो."

ठेवला. बाईंनी पुन्हा लावला, पुन्हा लावला, कुणी उचलला नाही.

सांगोल्याचा बाजार बाईंनी बघितलेला होता. आख्ख्या जिल्ह्याची मेंढरं अंगाला अंग घासून उभी असतात, संध्याकाळी गाड्या भरून चारी दिशांना जातात.

"अमृत, ज्ञानूकडे चल. वेगाने चल."

गाडी शहराबाहेर पडेपर्यंत त्यांनी त्याला सगळं सांगितलं. अमृत पन्नाशीचा, संस्थेत जुना, दुनिया बघितलेला माणूस. त्यानं शांतपणे ऐकलं, एका ट्रकच्या मागून गाडी बाहेर काढली आणि म्हणाला, "बाई, एक सांगू? राग मानू नका. कशाला जाताव?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की ज्ञानूच्या मेंढरांना अजून काय झालेलंच न्हाय. होईल का न्हाय, तुमाला ठावं न्हाय. झालंच, तर मेंढरं आजारी पडतातच की. कुनी तुमाला इचारनार न्हाय. आन तुमी सोताहून जाऊन सांगनार, मी आनलं म्हनून?"

"त्याला थांबवायला हवे."

"मग डॉक्टरीनबाईंना सांगा, त्या थांबवतील."

डॉक्टरांना सांगायचं तर आधी ते "नाही" परत घ्यावं लागणार होतं. आणि डॉक्टर आज केराबाईकडं निघतील, तोवर टेम्पो कुठल्या कुठं गेलेला असेल.

"दिवस कसलं हायेत, बगा तुमी," अमृत पुढं म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "परदेशी बाई, त्यात मिशनरी. वाड्यात शिरली, मंत्र म्हनली, आन मेंढरं मेली. कुनीतरी मोबाईलवर टाकलं की संपलं. तुमी इमानात बसून जाल. संस्था बंद पडंल. लोकरीवर पोट भरनाऱ्या बायका घरी बसतील. मी बी घरीच बसंन. ह्यो सगळा इचार करा, आन मग सांगा कुटं वळायचं."

तो काही वाईट माणूस नव्हता. त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि तेच वाईट होतं. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. ज्वारी काढलेली रिकामी रानं, मधूनच एखादं बाभळीचं झाड. परत फिरावं, खोलीत जाऊन पडावं, उद्या चर्चला जावं, असं त्यांना मनापासून वाटलं. हे त्यांच्याबद्दल लिहायला मला आवडत नाही, पण वाटलं ते वाटलं. आणि पोरांची ती हाक कानात येत राहिली. आज खरं सांगितलं, तर ती हाक परत कधी ऐकू येणार नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"सरळ चल," त्या म्हणाल्या.

अमृतनं एक उसासा सोडला आणि गाडी पळवली.

माळावर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. टेम्पो वाड्याला पाठ करून उभा होता, मागचं फळकूट खाली सोडलेलं. बाकीच्या वाड्यांवरून आलेले दोघं गडी एकेका मेंढ्याला शिंगांना धरून वर चढवत होते. डोक्याला फेटा, अंगात मळका बनियन, ज्ञानू घामाघूम झाला होता. पोरांनी गाडी बघितली आणि हाक सुरू झाली, "मार्थाआजी आली!" बाईंना ती आज ऐकवेना.

अमृत गाडीपाशीच थांबला. बाई थेट वाड्यात गेल्या आणि जाळीशी बांधलेल्या कोकरांत ते कोकरू शोधायला लागल्या.

"बाई, फोनवर म्हनलं न्हवं, आज न्हाय लोकर," ज्ञानू हसून म्हणाला. "काय हुडकालाव?"

सापडलं. बाकीची कोकरं उड्या मारत होती आणि ते एकटं कोपऱ्यात उभं होतं, मान खाली घालून. बाईंनी वाकून बघितलं. डोळ्यांतून पाणी. नाक ओलं, चिकट. कानाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. मागच्या पायाच्या आत, जिथं केस नसतात तिथं, दोनचार लाल ठिपके. केराबाईच्या कोकराला होते तसेच.

त्या तिथंच, लेंड्यांत, खाली बसल्या.

"ज्ञानूभाऊ, हा टेम्पो जाऊ देऊ नका."

"का वं?"

"तुमच्या मेंढरांत देवी आली आहे."

फळकुटावरचा मेंढा तसाच अर्धवट धरून गडी थांबले. ज्ञानूच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं. देवीचं नाव असं दारात येऊन कुणी घेत नाही. शत्रूसुद्धा घेत नाही.

"बाई," तो सावकाश म्हणाला, "काय बोलालाव, तुमाला कळतंय का?"

"हे कोकरू बघा."

त्यानं बघितलं. बघितलं आणि मान झटकली. "उनानं झालंय त्येला. देवी कशी येईल? देवी काय उडत येती व्हय? केराबाईकडं आल्यात, ह्ये साऱ्या माळाला ठावं हाय. पन तिनं डहाळी लावलीय. तिच्या वाड्यातनं एक मानूस भाईर पडलं न्हाय, की आमच्यातनं कोन तिकडं गेलं न्हाय. बाजारात सुदिक तिचं कोन आलं न्हाय. मग देवी आनली कुनी?"

बरोबर होतं. त्याच्या हिशेबात कुठंही चूक नव्हती. केराबाईनं पाळलं होतं, यानं पाळलं होतं, सगळ्या माळानं पाळलं होतं. टेम्पोचा ड्रायव्हर कंटाळून म्हणाला, "चला की आता, सांगोल्याला जागा गावनार न्हाय," आणि गड्यांनी मेंढा वर ढकलला. फळकूट उचलून लावायला एकानं हात घातला.

"मी आणली," मार्थाबाई म्हणाल्या.

कुणाला कळलंच नाही. म्हणून त्या उठून उभ्या राहिल्या आणि पुन्हा म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेलं. "मी आणली. मी गेल्या आठवड्यात केराबाईकडे गेले. ती म्हणाली येऊ नका. मी डहाळी ओलांडून गेले. तिचं आजारी कोकरू शालीत घेतलं. मग इकडे आले. हे कोकरू त्याच शालीत घेतलं. सोजरबाईंनी विचारलं कुठून आलाव, मी सांगितलं नाही. मला वाटलं, तुमची देवी म्हणजे काही नाही. मला वाटलं, मला जास्त कळतं."

टेम्पोच्या ड्रायव्हरनं खिशातून मोबाईल काढला होता. काळं भिंग बाईंकडं वळलेलं त्यांना दिसलं. अमृतनं गाडीपाशी डोळे मिटून घेतले.

ज्ञानूनं काठी उचलली.

मारली नसती, असं पुढं त्यानं सांगितलं. पण त्या घटकेला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. लहानपणापासून ही मेंढरंच त्याचं गाव, घर, शेत, सगळं होतं. तो बाईंच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. बाई हलल्या नाहीत. पळायची इच्छा नव्हती असं नाही, पायच उचलत नव्हते.

"आमी तुमाला काय कमी केलं वं?" शेवटी तो म्हणाला. "मांडीवर कोकरू दिलं. घरची म्हनून दिलं."

"ज्ञानू, काठी ठेव," सोजरबाईचा आवाज आला.

म्हातारी आतून आली होती. तिनं आधी कोकराजवळ जाऊन बघितलं. खाली वाकली, पायाच्या आतले ते ठिपके बघितले, आणि दोन्ही हात जोडून कोकराच्याच कपाळाला लावले. मग टेम्पोवाल्याकडं वळली. "माझी चार मेंढं खाली उतरव. बाकीच्यांनी आपली जनावरं घरी न्या, आन वाड्याला डहाळी लावा. बाजार न्हाय उद्या. आन त्यो मोबाईल खिशात घाल. देवीच्या म्होरं असलं चाळं करतोस व्हय रं? लाज वाटंना तुला?"

ड्रायव्हरनं मोबाईल खाली घेतला. मेंढे उतरले. गड्यांनी ते नुसते सोडले, त्यांना हात लावायलाही ते आता घाबरत होते. सोजरबाईनं कडेच्या लिंबाची एक डहाळी तोडली, आडव्या काठीला बांधली, आणि ती काठी वाड्याच्या तोंडाला लावायला निघाली.

मार्थाबाईंना वाटलं, आता आपण निघावं. आता हे लोक आपलं तोंडही बघणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्या खाली मान घालून वाटेकडं चालायला लागल्या.

"कुटं चाललाव?" सोजरबाई म्हणाली.

"मी जाते. मी पुन्हा येणार नाही."

"ग्वाड बोलताव," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात मायेचा लवलेश नव्हता. "देवी आल्याली असताना आतलं मानूस भाईर जात न्हाय. तुमी आत हाव. एकदा भाईर गेलाव तर हे झालं. आता आनिक कुनाच्या दारात जाऊन उभ्या ऱ्हानार?"

तिनं काठी लावली. मार्थाबाई आतच राहिल्या.

"आई, हिला हितं ठेवतीस?" ज्ञानू ओरडला. "मला हिचं त्वांड बघायचं न्हाय."

"मला बी बघायचं न्हाय. पन ठेवायची. देवीची सेवा कराया मानूस लागतंय. सकाळ-सांज लिंबाचं पानी शिंपडायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा, मेलंलं जनावर पुरायचं. ज्येनं आनली त्येनं करायची." मग ती बाईंकडं वळली. "पाया पडा म्हनत न्हाय मी. तुमचा देव येगळा हाय, ठावं हाय मला. पन सेवा तुमीच करायची."

त्या सेवेलाच तर आल्या होत्या. घरी, चर्चमधल्या पाटीवर त्यांचं नाव होतं, आणि नावापुढं तेवढाच एक शब्द. पण हे? दुसऱ्याच्या देवीपुढं नैवेद्य ठेवायचा? त्यांच्या चर्चमध्ये कळलं तर काय म्हणतील? त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि सोजरबाई पितळेचा तांब्या पुढं धरून उभी राहिली. आत लिंबाचा पाला तरंगत होता. म्हातारीनं हात मागं घेतला नाही आणि घाईही केली नाही.

बाईंनी तांब्या घेतला.

शाल त्यांच्या पिशवीत होती. ती त्यांनी काढून शेणीच्या आगीत घातली. लोकरीचा वास सगळ्या वाड्यात पसरला. मग काठीपाशी जाऊन त्यांनी अमृतला सांगितलं, "डॉक्टरांना बोलाव. त्यांना सांग, मी खोटं बोलले. मी आत गेले होते, आणि त्यानंतर इथे आले. दोन्ही सांग."

अमृतनं मान हलवली. त्याला बरंच काही म्हणायचं होतं, पण बाईंच्या हातातला तांब्या बघून तो नुसताच गाडीत बसला.

डॉक्टर राजनंदिनी दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. धडधाकट मेंढरांना लस टोचली, बाईंना दोन शब्द सुनावले, आणि आजूबाजूच्या वाड्यांना टोचत पुढं गेल्या. त्यांच्या मागोमाग संस्थेच्या साहेबांचा फोन आला. कुठल्याशा मोबाईलवर कुणीतरी अर्धवट काहीतरी टाकलं होतंच. साहेब घाबरले होते, चिडले होते. ताबडतोब निघा, सामान बांधा, मायदेशी जायचं आहे.

"मी येऊ शकत नाही," बाई म्हणाल्या. "बाहेर जायला बंदी आहे."

"कुणी केली बंदी?"

बाईंनी फोन ठेवला आणि बादली उचलली.

ते कोकरू दुपारी गेलं. बाईंच्या मांडीवरच गेलं. त्यांनी सकाळपासून त्याला चमच्यानं पाणी पाजलं, डोळे पुसले, प्रार्थना केली, लिंबाचं पाणी शिंपडलं. जे जे दोन्हीकडचं ठाऊक होतं, ते ते केलं. शेवटी त्यानं पाय ताणले आणि संपलं. पोरं लांबून बघत होती. कालपासून एकानंही हाक मारली नव्हती. बाईंनी स्वतः खड्डा खणला. हाताला फोड आले, कमरेत कळ आली, कुणी मदतीला आलं नाही. सोजरबाई दगडावर बसून बघत राहिली. खड्डा बुजल्यावर वर चुना आणि काटे टाकायचे असतात, एवढं तिनं सांगितलं.

दिवस कलताना आणखी दोन कोकरांचे डोळे गळायला लागले. एक मोठी मेंढी, ज्ञानूच्या कळपातली सगळ्यांत जुनी, बसली ती उठेना. ज्ञानू तिच्याजवळ उकिडवा बसून होता. त्यानं कालपासून बाईंशी एक शब्द काढलेला नव्हता. बाई पाण्याचा तांब्या घेऊन मेंढीच्या दुसऱ्या बाजूला बसल्या, पाला बुडवून तिच्या तोंडावर थेंब टाकायला लागल्या. मेंढीचा श्वास तेवढा घरघरत होता.

"तुमच्या देवाला सांगिटलं का?" ज्ञानूनं विचारलं. वर न बघताच.

"सांगितलं."

"काय म्हनला?"

मार्थाबाईंना पाठ असलेली शंभर उत्तरं होती. तो ऐकतो, तो बघतो, त्याच्या मनात असेल तसं होतं. मिनेसोटात किती घरांत, किती आजाऱ्यांच्या उशाशी त्यांनी ती दिली होती.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "काहीच बोलला नाही."

ज्ञानूनं पहिल्यांदा मान वर केली आणि त्यांच्याकडं बघितलं. डोळे लाल होते. माफी त्यात कुठंही नव्हती, पण कालचा तो काळा रागही आता उरला नव्हता.

"आमची बी गप्पच हाय," तो म्हणाला.

मेंढीची मान त्याच्या हातात लोंबली. त्यानं ती हळूच खाली ठेवली, तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, उठला आणि जाळीला टेकवलेली दोन खोरी घेऊन आला. एक त्यानं स्वतःकडं ठेवलं, दुसरं बाईंच्या हातात दिलं.

"खड्डा मोठा लागंल हिला," तो म्हणाला. "चला."